कृत्रिम पाय व कॅलिपर वापरणारा विद्यार्थी

चौथीच्या वर्गातील एखादी मुलगी सोमवारी वेळेवर येते, बुधवारी लंगडत येते आणि शुक्रवारपासून येईनाशी होते. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. मुलगी आळशी आहे, पालक उदासीन आहेत, असा निष्कर्ष काढून वर्ग पुढे सरकतो. परंतु तिचा कृत्रिम पाय दोन वर्षांपूर्वी बसविलेला आहे, त्यानंतर मुलगी वाढली आणि तो पाय मात्र तेवढाच राहिला, ही साधी गोष्ट कोणाच्याच ध्यानी येत नाही. अशा मुलाचे शिक्षण बुद्धीच्या अभावी खंडित होत नसून पायास पडलेल्या घट्ट्याने खंडित होते. म्हणून या साधनांचे थोडेबहुत ज्ञान प्रत्येक प्राथमिक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

साधनांचे दोन प्रकार

नसलेल्या अवयवाची जागा घेणारे साधन तो कृत्रिम अवयव होय. अवयव आहे परंतु दुर्बल वा वाकडा आहे, त्यास आधार देणारे साधन म्हणजे कॅलिपर किंवा ब्रेस होय. एके काळी पोलिओमुळे कॅलिपर वापरणारी मुले पुष्कळ असत. रानटी पोलिओ विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. तथापि सेरेब्रल पाल्सी, मणक्यातील जन्मजात दोष व अपघात यांमुळे आजही अनेक मुलांना अशा आधाराची गरज असते.

जन्मतः पाऊल आत वळलेल्या बालकास क्रमाक्रमाने प्लास्टर घालून पाऊल सरळ करतात व नंतर दांडीने जोडलेले बूट देतात. हे बूट पहिले सुमारे तीन महिने जवळजवळ दिवसभर व पुढे सुमारे चार वर्षांच्या वयापर्यंत झोपेच्या वेळी घालावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागले म्हणजे पालक बूट सोडून देतात आणि पाऊल पुन्हा वळते. अंगणवाडीशी संबंध असलेल्या शिक्षकाने ही गोष्ट पालकांस आवर्जून सांगावी.

आपल्या जीवनास अनुरूप पाय

पूर्वीचे परदेशी धर्तीचे कृत्रिम पाऊल ताठ असे व त्यावर बूट घालावाच लागे. मांडी घालून बसणारा, उकिडवे बसणारा, शेतात अनवाणी वावरणारा आपला मनुष्य असे पाऊल कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबडी घेई. ही अडचण ओळखून जयपूर येथील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० नंतरच्या दशकात रबराचे पाऊल सिद्ध केले. तेच आज जयपूर फूट या नावाने ओळखले जाते. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. त्याच वर्षी अपघातानंतर उजवा पाय गमावलेल्या सुधा चंद्रन यांनी पुढे अशाच पावलाच्या साहाय्याने पुन्हा नृत्य केले. साधन मनुष्याच्या राहणीस जुळले पाहिजे, हा यातील बोध होय.

नित्याची निगा

पायाचा उरलेला भाग ज्या पोकळ साच्यात बसतो त्यास सॉकेट म्हणतात. उरलेला भाग रोज रात्री साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. त्यावर घालावयाचा मोजा रोज धुतलेला असावा. सॉकेट आतून ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे. पाय काढल्यावर त्वचेवर दिसणारा लालसरपणा थोड्या वेळात नाहीसा झाला पाहिजे. तो तसाच राहिला, फोड आला वा त्वचा सोलली, तर जखम भरेपर्यंत पाय न घालता केंद्रावर दाखवावे. घरी कानशीने घासून सॉकेट सैल करणे धोक्याचे असते. कॅलिपरच्या बाबतीत पट्टे, खिळे, गुडघ्याची कडी व बूट ही दर आठवड्यास पाहावीत. ज्या मुलाच्या पायास संवेदना कमी आहे, त्याची त्वचा तर रोज डोळ्यांनी पाहावी, कारण त्यास जखम झालेली कळतच नाही. वाढत्या वयात साधन वरचेवर बदलावे लागते, हेही पालकांस आधीच सांगून ठेवावे.

कित्येक मुले नसलेले पाऊल दुखते, खाजते असे सांगतात. हा अनुभव खरा असतो व अवयव गमावलेल्या पुष्कळांस येतो. त्यास खोटेपणा समजून हसू नये.

शाळेतील वर्तन

दाराजवळची, भिंतीचा आधार मिळेल अशी जागा द्यावी. जमिनीवर बसणे कठीण असल्यास बाक वा खुर्ची द्यावी, परंतु वर्गापासून वेगळे बसवू नये. पायऱ्या चढताना सुदृढ पाय आधी व उतरताना कृत्रिम पाय आधी, हा क्रम शिकवावा. शौचालयात धरावयास दांडी असावी व फरशी ओली राहू देऊ नये. खेळाच्या तासास मुलास केवळ दप्तरे राखण्यास बसवू नये, त्यास झेपेल असा भाग द्यावा. वर्गमित्रांच्या कुतूहलास त्या मुलाच्या संमतीने एकदा सरळ उत्तर दिले, म्हणजे चिडवणे पुष्कळ अंशी थांबते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हक्क कागदावर मिळतो, परंतु त्याचा उपभोग शाळेच्या उंबरठ्यापाशी ठरतो. तीन दिवसांच्या गैरहजेरीनंतर जो शिक्षक मुलीच्या घरी जातो आणि प्रथम तिच्या पायाविषयी विचारतो, त्याच्या वर्गातून ती मुलगी सहसा गळत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत व वर्गापासून शौचालयापर्यंत किती पायऱ्या आहेत? मोजून नोंद करा.
२. कृत्रिम पाय वापरणारे मूल वारंवार गैरहजर राहू लागल्यास प्रथम कोणत्या गोष्टींची चौकशी कराल?
३. कवायतीच्या एका तासाची अशी आखणी करा, की कॅलिपर वापरणाऱ्या मुलास त्यात खरा वाटा मिळेल.