‘-नीस’ पदान्त आडनावांचा उगम आणि प्रसार

1. प्रश्नाचे स्वरूप

सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तामलवाडी हे गाव लागते. आज ते धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात मोडते. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत ह्याच रस्त्याचे दक्षिणेकडील टोक इंग्रजी अमलाखालील मुंबई इलाख्यात, तर उत्तरेकडील टोक निजामाच्या राज्यात होते. त्याही आधी हा सारा टापू विजापूरच्या आदिलशाहीत होता. जवळच असलेला नळदुर्गचा किल्ला आणि त्यातील 1613 मधील पाणीमहाल ही त्याची साक्ष आहे. पुढे सोलापूर पेशव्यांकडून 1818 मध्ये इंग्रजांकडे गेले आणि तुळजापूरचा भाग निजामाकडे राहिला. दोन राज्यांच्या सीमेवरील अशा गावाजवळ उभे राहून पाहिले असता मराठी आडनावांसंबंधीचा एक प्रश्न विशेष स्पष्टपणे जाणवतो.

फडणीस, चिटणीस, पारसनीस, सबनीस, पोतनीस, वाकनीस, कारखानीस, खासनीस, जमेनीस ही आडनावे मराठी वाचकाच्या नित्य परिचयाची आहेत. ह्या सर्वांच्या शेवटी असलेले ‘-नीस’ हे फार्सी ‘नवीस’ ह्या शब्दाचे मराठी रूप होय. हैदराबाद संस्थानात फार्सी 1884 पर्यंत राज्यकारभाराची भाषा होती. त्यानंतर तिची जागा उर्दूने घेतली. पेशवाईचे दप्तर मात्र मराठी आणि मोडी लिपीतील होते. तेव्हा फार्सी घडणीची ही आडनावे निजामी मुलखात अधिक आणि पेशवाई मुलखात कमी असावीत, असा तर्क कोणीही करील. प्रत्यक्षात ह्या आडनावांची ठळक केंद्रे पुणे, सातारा, कोल्हापूर, कोकण आणि नागपूर ही आहेत. मराठवाड्यातील गावांत देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही अधिकारवाचक आडनावे पदोपदी भेटतात; ‘-नीस’ पदान्त आडनाव त्या मानाने क्वचितच भेटते. ह्या विसंगतीची उपपत्ती लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

2. व्युत्पत्ती आणि ध्वनिपरिवर्तन

फार्सीत ‘नविश्तन्’ म्हणजे लिहिणे. त्या धातूचे वर्तमानकाळी अंग ‘नवीस’ असे असून समासाच्या उत्तरपदी ते ‘लिहिणारा’ ह्या अर्थाने येते. मराठीत ह्या ‘नवीस’मधील ‘व’चा लोप होऊन ‘नीस’ हे रूप सिद्ध झाले. दोन्ही अवस्था आजही आडनावांत टिकून आहेत. नागपूरकडे फडणवीस आणि चिटणवीस ही पूर्ण रूपे रूढ आहेत. सर गंगाधरराव चिटणवीस हे नागपूरचे, आणि 2014 मध्ये प्रथम मुख्यमंत्री झालेले देवेंद्र फडणवीस हेही नागपूरचेच. पश्चिम महाराष्ट्र आणि सीमाभागात फडणीस आणि चिटणीस ही संक्षिप्त रूपे प्रचलित आहेत. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांचा जन्म 1925 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील भोज ह्या गावी झाला. शब्द एकच, त्याच्या दोन अवस्था दोन प्रदेशांनी जतन केल्या.

दुसरा विशेष ‘न’ आणि ‘ण’ ह्यांच्या वाटणीचा. सबनीस, पारसनीस, वाकनीस, खासनीस, पोतनीस ह्यांत ‘न’ दन्त्यच राहिला आहे. फडणीस, चिटणीस, कोटणीस ह्यांत मात्र त्याचा ‘ण’ झाला आहे. ज्या ठिकाणी पूर्वपदाच्या शेवटी ट-वर्गातील वर्ण आहे, तेथेच हे मूर्धन्यीकरण घडले आहे. फार्सीत ‘ण’ हा वर्णच नाही. अर्थात हा बदल मराठी उच्चारप्रवृत्तीने घडविलेला आहे. कारखानीस ह्या शब्दात ‘कारखाना’ आणि ‘नीस’ एकत्र येताना लागोपाठ आलेल्या दोन ‘न’कारांपैकी एक गळून पडला. जमेनीस ह्या रूपात तर ‘जमा’ ह्या शब्दाचे ‘जमे’ हे मराठी सामान्यरूप समासात शिरलेले दिसते. ‘जमेस धरणे’ ह्या प्रयोगात तेच रूप आढळते.

ह्या गटातील सर्वांत वादग्रस्त पूर्वपद ‘फडणीस’मधील ‘फड’ हे होय. मराठीत ‘फड’ हा जुना शब्द आहे. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड ह्या प्रयोगांबरोबरच कामकाजाची, हिशेबाची जागा असाही त्याचा अर्थ आहे. त्यावरून ‘फडावर बसून लिहिणारा तो फडणीस’ अशी फोड सहज सुचते. पण मूळ पद ‘फर्दनवीस’ असे आहे. ‘फर्द’ म्हणजे हिशेबाचा वा यादीचा सुटा कागद. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 मधील प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोशातही नाना फडणवीसांच्या पदाची हीच व्युत्पत्ती दिली आहे. ‘र्द’चा ‘ड’ होणे मराठीच्या ध्वनिप्रवृत्तीला धरून आहे, आणि असा ‘ड’ झाल्यावर ‘फड’ ह्या घरच्या शब्दाने त्याला आधार दिला असला पाहिजे. म्हणजे लोकव्युत्पत्ती मूळ अर्थाच्या दृष्टीने चुकीची असली, तरी हा शब्द मराठीत इतका का मुरला हे तिच्यावरूनच कळते.

3. पद, वतन आणि आडनाव

ही पदे मराठी माणसांच्या हाती आली ती दख्खनच्या सुलतानी काळात. पहिल्या इब्राहीम आदिलशहाने (कारकीर्द 1534 ते 1558) महसुली हिशेब फार्सीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची आणि त्या कामी ब्राह्मण लेखक नेमण्याची पद्धत पाडली, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. ह्या एका निर्णयाने एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. कागदावरील भाषा देशी झाली, पण तो कागद लिहिणाऱ्याच्या पदाचे नाव फार्सीच राहिले. ‘नवीस’ हा शब्द मराठीत आला तो फार्सी लिहिणाऱ्यांबरोबर नव्हे, तर बव्हंशी मराठी लिहिणाऱ्यांबरोबर.

शिवकालात ह्या शब्दांची कसोटी लागली. 1674 मधील राज्याभिषेकाच्या वेळी प्रधानांना संस्कृत पदनामे देण्यात आली. मुजुमदार अमात्य झाला, वाकनीस मंत्री झाला, सुरनीस सचिव झाला, डबीर सुमंत झाला. त्याच प्रेरणेतून सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फार्सी आणि दख्खनी राजशब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले. हा भाषिक कार्यक्रम अत्यंत महत्त्वाचा होता, ह्यात शंका नाही. परंतु आडनावांच्या साक्षीवरून त्याची मर्यादाही दिसते. मुजुमदार, वाकनीस, सुरनीस आणि डबीर ही चारही जुनी पदनामे आडनावे म्हणून आजही जिवंत आहेत. संस्कृत पदनामांपैकी ‘सुमंत’ हे आडनाव रूढ झाले. पण ‘सचिव’ आणि ‘अमात्य’ ही मुख्यतः भोर आणि बावडा येथील अधिपतींच्या ‘पंत सचिव’ आणि ‘पंत अमात्य’ ह्या पदव्यांत राहिली. गडावरील सबनीस आणि कारखानीस ह्यांची नावे तर बदललीच नाहीत. सबनीसाकडे गडावरील लोकांची हजेरी आणि हिशेब, तर कारखानीसाकडे धान्य आणि सामग्री यांची नोंद असे.

असे का घडले? पदनाम राजाज्ञेने बदलता येते. परंतु पद जेव्हा वतन होते, तेव्हा त्याचे नाव हक्काच्या कागदात शिरते. वतनाचा वाद उद्भवला की जुनी सनद दाखवावी लागे, आणि सनदेत जो शब्द असेल तोच हक्काचा पुरावा ठरे. घराण्याच्या दृष्टीने तो शब्द फार्सी की संस्कृत हा प्रश्नच नव्हता. म्हणून कुलनामही मागे पडले आणि पदनाम पुढे आले. नाना फडणवीस (1742 ते 1800) हे ह्याचे सर्वपरिचित उदाहरण. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन, घराणे कोकणातील वेळासचे आणि मूळ आडनाव भानू. इतिहासाने मात्र त्यांना पदाच्या नावानेच ओळखले. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या घराण्याचेही तसेच झाले. त्यांच्या वंशातील मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बखर लिहिली, तेव्हा ‘चिटणीस’ हे पद आणि आडनाव ह्यांत भेद उरला नव्हता.

4. ‘-नीस’ हा मराठी प्रत्यय

‘चिटणीस’ हा शब्द आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. त्यातील पूर्वपद ‘चिठ्ठी’ हे फार्सी नाही, देशी आहे. देशी शब्दाला ‘-नीस’ लागू शकला, ह्याचा अर्थ तो उसना शब्द न राहता मराठीचा प्रत्यय बनला होता. ‘कोटणीस’मध्येही हेच दिसते. कोट म्हणजे किल्ला किंवा तटबंदी. त्याला हाच प्रत्यय जोडलेला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 1910 मध्ये सोलापुरात झाला. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते होते, आणि 1942 मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. चीनमध्ये ते ‘के दिहुआ’ म्हणून ओळखले जातात. त्यांतील ‘के दि’ हे कोटणीसचे चिनी उच्चारातील रूप, तर ‘हुआ’ हा पथकातील सर्व डॉक्टरांच्या नावांना जोडलेला चीनवाचक शब्द होय. फार्सीतून आलेला ‘-नीस’ ह्या प्रवासात गळाला आणि देशी ‘कोट’चा अंश तेवढा उरला.

ह्याच्या नेमके उलट उदाहरण ‘पारसनीस’ हे होय. पारस म्हणजे येथे फार्सी. मोगल, निजाम आदी दरबारांशी फार्सीत पत्रव्यवहार करणारा तो पारसनीस. हे स्वतंत्र पद निर्माण व्हावे लागले, ह्यातच मराठी दप्तराची मुख्य भाषा फार्सी नव्हती ह्याचा पुरावा आहे. जेथे सर्वच लेखन फार्सीत चालते, तेथे ‘फार्सी लिहिणारा’ अशी वेगळी ओळख संभवत नाही. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (1870 ते 1926) यांनी साताऱ्यास जुने कागद जमविले आणि ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक चालविले. आडनावातील दप्तराशी असलेला संबंध त्यांच्या कार्यात पुन्हा प्रकट झाला.

5. प्रसाराची उपपत्ती

आता आरंभीच्या विसंगतीकडे वळता येईल. निजामी राज्यात वरिष्ठ दप्तर हैदराबादला आणि फार्सीत होते. परगण्यात आणि गावात मराठी लेखन चाले, पण ते करणारे देशपांडे आणि कुलकर्णी ह्या जुन्या देशी नावांचे वतनदार होते. मराठी लिहिणारा वरिष्ठ दरबारी लेखक हा वर्ग तेथे वाढण्यास फारसा अवकाश नव्हता. सातारा, पुणे, कोल्हापूर, नागपूर येथे मात्र तो राजाश्रयाने पिढ्यान्‌पिढ्या नांदला. म्हणून ‘-नीस’ आडनावांचा नकाशा हा फार्सी सत्तेचा नकाशा नसून मराठी दप्तराचा नकाशा आहे. मराठवाड्यात अपवाद नाहीत असे नव्हे. 2016 मधील पिंपरी-चिंचवड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष श्रीपाल सबनीस हे मूळचे लातूर जिल्ह्यातील. पण उर्दू कारभाराच्या प्रभावामुळे त्या भागात ‘नवीस’ टिकला तो मुख्यतः अर्जनवीस, नकलनवीस अशा व्यवसायवाचक शब्दांत, आणि तोही मूळच्या अखंड रूपात.

ह्याला बंगालची तुलना पूरक ठरते. तेथे ‘खासनबिस’ हे आडनाव आहे. ते आपल्या खासनीसाचेच भावंड. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस (1893 ते 1972) यांच्या आडनावातही महालाचा हिशेब लिहिणारा ‘नवीस’ आहे. मुजुमदार तर बंगालात आणि गुजरातेतही सापडतो. तथापि बंगालीत ‘नबिस’ जवळजवळ अखंड राहिला. मराठीत तो झिजला, मूर्धन्य झाला, देशी पूर्वपदांना लागला. शब्द किती झिजला, ह्यावरून तो किती हाताळला गेला हे कळते.

6. समारोप

1950 च्या मुंबई परगणा व कुलकर्णी वतने निर्मूलन कायद्यासारख्या कायद्यांनी वतने संपली, आडनावे राहिली. माधव जूलियन यांनी 1925 मध्ये ‘फार्सी-मराठी कोश’ सिद्ध केला आणि पुढे 1938 मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. एकाच अभ्यासकाच्या ह्या दोन कृतींत मराठीचा फार्सीशी असलेला दुहेरी संबंध सामावला आहे. आज मंत्रालयात ‘सचिव’ आहेत आणि पक्ष व संस्था ह्यांत ‘चिटणीस’ आणि ‘सरचिटणीस’ आहेत. 1674 मध्ये एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोन शब्दप्रवाह अशा रीतीने शेजारी नांदत आहेत.

ह्या आडनावांना ‘परकीय अमलाच्या खुणा’ म्हणणे किंवा त्यांच्यासाठी संस्कृत व्युत्पत्ती रचणे, ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्यावर अन्याय करणाऱ्या आहेत. फार्सीने एक क्रियावाचक पद दिले. त्याचा प्रत्यय, त्याचे वतन आणि त्याचे घराणे मराठीने घडविले. धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि 2023 मध्ये पुन्हा धाराशिव झाले. स्थळनामे शासननिर्णयाने बदलतात. आडनाव हे सनदेतून शाळेच्या दाखल्यावर आणि तेथून शिधापत्रिकेवर उतरत जाते. म्हणून मराठी कारभाराचा इतिहास लिहिताना दप्तरखान्यांतील रुमालांइतकीच गावोगावच्या मतदारयाद्यांतील आडनावेही साधन म्हणून वाचली पाहिजेत. तामलवाडीच्या रस्त्यावरील जुनी सीमा भूमीवरून पुसली गेली आहे. तिच्या दोन बाजूंची आडनावे नीट मांडली, तर ती अजूनही वाचता येईल.