होमस्टे काढण्याआधी

आंबोली, ता. सावंतवाडी

चि. शर्वरीस,

पुण्याची नोकरी सोडून आंबोलीत होमस्टे काढायचा आणि निवांत जगायचं, असं तू लिहिलंस. होमस्टे खुशाल काढ, पण निवांतपणासाठी नको. वर्षाला सरासरी साडेसात हजार मिलिमीटर पाऊस पडणारं हे गाव. आमच्या शेजारणीकडे पावसाळी शनिवारी पहाटेच चुलीवर पाणी चढतं आणि ओल्या चादरी चुलीच्या धगीवर धरून वाळवाव्या लागतात. धबधब्यापाशी कणसं भाजणारा पोरगा घाटातल्या गाड्या हटेपर्यंत जागचा हलत नाही. दुसऱ्याची सुट्टी हाच इथला धंदा.

सुट्टीचंच म्हणशील तर, तुझे पणजोबा मुंबईला गिरणीत होते. गिरणी कामगाराला पूर्वी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून मागे लागले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवार मिळाला. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, तेव्हा तू फोनवर केवढी चिडली होतीस! पण रविवारी जेवताना ऑफिसच्या मेसेजला उत्तरं तूच देतेस, तीही कुणी न मागता.

दिवाळीनंतर इकडच्या जत्रांमध्ये दशावतारी नाटक बघ. दिवसभर शेतात राबलेला गडी पेटाऱ्याशेजारी बसून आपला चेहरा आपणच रंगवतो. हातात लिहिलेलं नाटक नसतं. संवाद उभ्या उभ्या रचायचे, तेही पहाटेपर्यंत. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा’ म्हणून लोक त्याला चिडवतात. एका रात्रीच्या प्रयोगाचे पैसे बेताचेच. त्याची ओढाताण गोड करून सांगण्यात मला रस नाही. पण सकाळी चहाला भेटला की तो थकव्याबद्दल चकार शब्द काढत नाही. समोरच्याने युद्धाच्या प्रवेशात कशी फिरकी घेतली नि आपण ती कशी परतवली, हेच रंगवून सांगतो. तुला हवंय ते हे असं रमणं असावं, असा माझा अंदाज आहे. त्यासाठी राजीनामा लागत नाही.

तेव्हा आधी रविवार सोडवून घे. कपाटावर धूळ खात पडलेली तुझी वाजवायची पेटी खाली काढ, आणि बोटं बसेपर्यंत कुणाला व्हिडिओ पाठवू नकोस. तरीही होमस्टे डोक्यातून गेला नाही, तर जुलैत आठवडाभर ये. पाहुणी म्हणून नव्हे, कामाला. शेजारणीला विचारून ठेवलंय. म्हणाली, “येवंदे तिका, चादरी धुवूक माणूस व्हयोच आसा.”

तुझा,
मामा