धूर कुठला, आवाज कुठला

"दहावीला बासष्ट टक्के पडलेत. गाड्यांचं वेड आहे हो त्याला, पण गॅरेजात घालायचं म्हणजे..." पालकांचं वाक्य इथंच अडतं. मुलगा खाली बघत बसतो.

अशा वेळी मी मामांच्या प्रीमियर पद्मिनीची गोष्ट सांगतो. सपाटीला गाडी बरी चालायची, खंबाटकी घाट लागला की धापा टाकायची. एकाने कार्बुरेटर धुऊन दिला, दुसऱ्याने पॉइंट आणि कंडेन्सर बदलले, तिसरा थेट इंजिन खोलायचा खर्च सांगू लागला. चौथ्या गॅरेजातल्या वस्तादांनी काहीच खोललं नाही. त्यांनी इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडलं. गाडी जागेवर घुरघुरत होती तोवर काटा ठीक होता. रेस धरून ठेवली तसा तो हळूहळू घसरू लागला. मग त्यांनी एक्झॉस्टच्या पाइपचा जोड सैल करून पुन्हा रेस दिली. कान किटले, पण काटा जागचा हलला नाही. सायलेन्सरमधला पत्रा गंजून सुटला होता, त्याने धुराची वाट अडवली होती. जळका वायू बाहेर पडेना, मग ताजी हवा आत येणार कशी?

शिकायचं ते हे. पाना फिरवायला महिनाभर पुरतो. कुठला नट आधी सोडायचा नाही, हे कळायला वर्षं लागतात.

पद्मिनी म्हणजे कुर्ल्याला बनलेली फियाट 1100. चार सिलिंडर, 1089 सीसी, मागच्या चाकांना जोर आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगला. इंजिनात संगणक नाही, त्यामुळे लॅपटॉप लावून बिघाडाचा कोड वाचायची सोय नाही. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल पितंय. पण रिंगा गेल्यात की व्हॉल्व्ह? कॉम्प्रेशन तपासायचं, सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा तपासायचं. आकडा वर चढला तर बहुधा रिंगा. होता तिथंच राहिला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गरम इंजिनातून पांढरा धूर येतच राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं, की हेड गॅस्केटचा संशय.

गिअरबॉक्सचंही तसंच. न्यूट्रलला घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडे बघा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग. गिअर पडत नाही म्हणून अख्खा गिअरबॉक्स उतरवायला निघालेले लोक मी पाहिलेत. झिजलेले असायचे दांड्याच्या जोडातले चार आण्याचे बुश.

आता पोटापाण्याचं. नुसत्या जुन्या गाड्यांवर घर चालवायची भिस्त ठेवू नका, हे मी स्पष्ट सांगतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. रोजचं गिऱ्हाईक गेलं, उरले हौशी. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. मात्र ती गाडी रोज वापरता येत नाही, धंद्यालाही लावता येत नाही. अशा मालकाला घाई नसते, काम चोख लागतं. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून लेथवाल्याशी दोस्ती ठेवावी लागते.

म्हणून रस्ता दुहेरी ठेवा. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड, मग अॅप्रेंटिसशिप. पुढे शिकावंसं वाटलं तर आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, बॅटरीवरच्या गाड्या हे सगळं शिकायचं. रोजची भाकरी तिथं आहे. जुनी गाडी शनिवार-रविवारची. पण ज्याने पॉइंटची फट फिलर गेजने लावलीय, तो स्कॅनरवर कोड दिसला म्हणून लगेच सेन्सर बदलत नाही. कोड कशामुळे आला, ते आधी शोधतो.

आईवडिलांनी गॅरेज निवडताना पाटी बघू नये. अर्धा तास बाकावर बसावं. गाडी आत आली की वस्ताद आधी बॉनेट उघडतात, की "कधीपासून? थंड असताना की गरम झाल्यावर?" असं विचारतात, ते ऐकावं. आणि हाताखालच्या पोऱ्याला ते फक्त "तेरा-चौदाचा आण" म्हणतात, की इंजिनाजवळ बोलावून "हा आवाज ऐक" म्हणतात, तेही.