सरासरी नव्वद, तरीही धक्के

पडद्याच्या कोपऱ्यात नव्वदचा आकडा दिसत होता आणि गेममध्ये गाडी वळणावर घातली की चित्र मात्र अडखळत होतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी, मशीन दुकानातून असेंबल करून आणलेलं. मित्रांचा सल्ला एकच: कार्ड बदल. नव्वद फ्रेम देणाऱ्या कार्डाचा दोष नेमका कोणता, हे मात्र कोणी सांगेना.

तो आकडा सरासरीचा असतो, तिथेच गोम आहे. सेकंदाला ९० म्हणजे दर ११ मिलिसेकंदांनी एक फ्रेम, असं आपण धरून चालतो. पण ८९ फ्रेम ९-९ मिलिसेकंदांत आल्या आणि उरलेल्या एकीने १९९ खाल्ले, तरी हिशेब नव्वदचाच लागतो. डोळ्याला खुपते ती नेमकी शेवटची. म्हणून एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम या आकड्याच्या, जोडीला फ्रेमटाइमचा, म्हणजे दर फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावा. त्यासाठीचं आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर फुकट मिळतं. रेघ सपाट असेल तर साठ फ्रेमही सुखाच्या. सुळके असतील तर दीडशेही व्यर्थ. परीक्षणं वाचतानाही सरासरी सोडून 'वन पर्सेंट लो', म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा, आकडा आधी बघा.

माझ्या आलेखात सुळकेच सुळके होते. कॅबिनेटची बाजू उघडली, तर आत रॅमची एकच पट्टी. दुकानदार '१६ जीबी' म्हणाला होता, ते खरंच होतं! पण पट्टी एकटी असली की रॅम सिंगल चॅनलवर चालते, प्रोसेसरला डेटा मिळण्याचा रस्ता निम्मा होतो आणि गर्दीच्या दृश्यांत तो ताटकळतो. तशीच दुसरी पट्टी घातली, बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केली आणि बहुतेक सुळके खाली बसले. तेव्हा बिलावर '८ जीबीच्या २ पट्ट्या' असं स्पष्ट लिहून घ्या. बोर्डावर चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात त्या बसतात. खात्री मॅन्युअलमध्ये करा.

'एल्डन रिंग' मात्र तरीही खटकत राहिला. २०२२चा हा गेम पीसीवर ६० फ्रेमच्या वर जातच नाही. १४४ला ६०ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे काही फ्रेम पडद्यावर दोनदा उमटतात, काही तीनदा. कॅमेरा सावकाश फिरवला की ही लंगडी चाल जाणवते. विंडोजमध्ये मॉनिटर १२० हर्ट्झवर आणला, प्रत्येक फ्रेम बरोब्बर दोनदा दिसू लागली. महागडा मॉनिटर मुद्दाम हळू चालवायचा, हे पचायला जरा जड जातं खरं.

मुळात हा भागाकार टाळण्यासाठीच अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक आहे: फ्रेम तयार झाली की मॉनिटर तेव्हाच पडदा ताजा करतो. एनव्हिडियाने २०१३मध्ये जी-सिंक जाहीर केलं तेव्हा मॉनिटरमध्ये खास मॉड्यूल लागे. जानेवारी २०१९पासून त्यांची कार्डं साध्या अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरवरही हे करू लागली. पण मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ही सोय बऱ्याचदा बंद असते. ती चालू करा आणि फ्रेमची मर्यादा कमाल हर्ट्झच्या दोन-तीन खाली, म्हणजे १४४ला १४१, ठेवा.

मॉनिटर विकत घेण्याआधी या सोयीची हर्ट्झमधली रेंज विचारा. ४८ ते १४४ असेल तर फ्रेम चाळिसावर घसरल्या तरी त्या दुप्पट करून ८०ने दाखवता येतात. ४८ ते ७५मध्ये ही युक्ती बसत नाही, कारण दुपटीला जागाच उरत नाही.

आणि २४० हर्ट्झ? ६०वरून १४४वर जाताना दर फ्रेममागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात, १४४वरून २४०वर जाताना तीनही नाहीत. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी ते पैसे आधी रॅमच्या दुसऱ्या पट्टीवर घालावेत.