माहूरचा घाट व गिअरपेटींतील तेल

तुमच्यापैकीं पुष्कळजण आईवडिलांबरोबर मोटारीनें माहूरास जातात. रेणुकादेवीच्या गडाकडे व पुढें दत्तशिखराकडे जाणारा रस्ता चढउतारांचा व वळणांचा आहे. गर्दी असली म्हणजे गाडी थांबत थांबत चढवावी लागते. अशा वेळीं इंजिन गुरगुरतें, परंतु गाडी क्षणभर हलत नाहीं आणि मग एकदम हिसका देऊन निघते, असा अनुभव आल्यास इंजिनाबरोबर गिअरपेटीहि तपासावी. दोषाचें मूळ पुष्कळदा तेथील जुन्या तेलांत सांपडतें.

हें तेल करतें तरी काय? विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या पुष्कळ मोटारींत वाऱ्याचें हें काम तेल करतें. इंजिनाकडील चक्र तेल फेकतें व त्या जोरानें समोरचें चक्र फिरतें. जनरल मोटर्स कंपनीनें १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत बसविलेल्या ‘हायड्रामॅटिक’ यंत्रणेंतहि तेलानेंच शक्ति पोंचविली जात असे. शिवाय हेंच तेल दाब देऊन गिअर बदलतें, भागांस वंगण देतें आणि उष्णता वाहून नेतें.

सावकाश चढतांना दोन्ही चक्रें सारख्या वेगानें फिरत नाहींत. वायां गेलेली शक्ति तेल तापविते. तेलाची उष्णता दहा अंश सेल्सिअसनें वाढली कीं त्याचा बिघाड सुमारें दुप्पट वेगानें होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणून तेल किती किलोमीटरनंतर बदलावें, याचें एकच उत्तर नाहीं. कित्येक गाड्यांस ६० हजार ते १ लाख किलोमीटर ही मुदत असते. परंतु घाट, ओझें व कडक उन्हाळा यांमुळें ती कमी होते. गाडीच्या पुस्तकांत कष्टाच्या वापराची मुदत निराळी दिली असल्यास तीच पाळावी. तेल काळपट झालें किंवा त्यास जळका वास आला, तर मुदतीची वाट न पाहतां जाणकारास दाखवावें.

क्लचचें पायदान नाहीं म्हणून सर्व गाड्यांस एकच तेल चालतें, असें मात्र समजूं नये. मारुतीच्या सेलेरिओ गाडींत २०१४ सालीं आलेली गिअरपेटी मूळची साधीच असून तिचा क्लच यंत्र दाबतें; तिचें तेल निराळें. पुस्तकांत नांव असेल तेंच तेल घ्यावें.

आतां बदलण्याची रीत. हें काम शिकलेल्या कारागिरानेंच करावें. मुलांनीं दुरून पाहावें. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि जाऊं नये. गाडी भक्कम आधारावर सपाट ठेवून, इंजिन बंद करून, कोमट तेल खालच्या बोळटातून भांड्यांत काढावें व मोजावें. तळच्या तबकांतील लोहचुंबकावर बारीक राखाडी लेप दिसला तर तो नेहमींच्या झिजेचा असतो. धातूचे तुकडे मात्र धोक्याची खूण होत. जेथें बदलतां येतें तेथें गाळणी बदलावी. जितकें तेल निघालें तितकेंच नवें घालावें. पुष्कळ जुनें तेल आंतच राहत असल्यामुळें एका वेळीं सगळें बदललें जात नाहीं.

नंतर इंजिन चालू करून, ब्रेक दाबून, गिअरचा दांडा प्रत्येक स्थानीं थोडा वेळ ठेवावा आणि पुस्तकांत सांगितलेल्या तपमानावर पातळी पाहावी. तेल कमी असेल तर दाब पडतो. जास्त असेल तर फेस होऊन तोच परिणाम घडतो.

निघालेलें तेल गटारांत वा पैनगंगेच्या काठीं ओतूं नये. जुनें तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावें. आणि पुढील वेळीं माहूरास निघण्यापूर्वीं वडिलांस इतकेंच विचारा : “आपल्या गाडीच्या गिअरपेटीचें तेल शेवटीं केव्हां बदललें?” उत्तर आठवत नसेल, तर घाट चढण्यापूर्वीं गाडीचें पुस्तक उघडा.