पाऊस उघडल्यावर वाट केव्हां वाळते?

पाऊस उघडतो, ऊन पडतें, शेतांत वापसा येतो, तरी पाणंद मात्र रबडीच राहते, हा अनुभव चाकण-खेडकडील शेतकऱ्यांस नवा नाहीं. शेताच्या वापशाची चर्चा आपण रोज करतों. वाटेच्या वापशाकडे कोणी पाहत नाहीं. वास्तविक वाट ही जमीनच आहे. तिच्यावर नांगराऐवजीं चाकें फिरतात इतकेंच. ती केव्हां वाळेल हें पाऊस किती पडला यापेक्षां तिची माती कोणती, ती कोठें बसली आहे आणि तिच्यावरील पाण्यास बाहेर पडावयास तोंड आहे कीं नाहीं, यांवर ठरतें.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा टापू सारा काळ्या कातळावर वसलेला आहे, पण माती जागोजाग बदलते. घोरावडेश्वर, भंडारा, भामचंद्र या डोंगरांच्या अंगावर पातळ मुरमाड थर. खालीं बरड माळ. आणि इंद्रायणी व भामा यांच्या कांठीं खोल काळी. पाऊसही सारखा नाहीं. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, तर पुण्यास सातशेंच्या आसपास.

प्रथम काळीचें पाहूं. हिच्यांतील चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पत्र्यांचे असून पाणी त्या पत्र्यांमध्यें शिरतें व माती फुगते. उन्हाळ्यांत तिला भेगा पडलेल्या असतात, म्हणून मृगाचे पहिले पाऊस ती सहज गिळते व वाट लौकर मोकळी होते. भेगा एकदां मिटल्या, कीं पाणी खालीं उतरण्याचा मार्गच बंद होतो. मग तें वर तुंबून राहतें, आणि पुढें जें वाळतें तें केवळ वारा-उन्हानें. वरचा पापुद्रा पांढुरका दिसूं लागतो, पण चार बोटें खालीं लोण्यासारखा चिखल असतो. हा पापुद्रा मोठा फसवा! गाडीवान त्यावर विश्वासतो आणि चाक आंसापर्यंत रुततें.

मुरमाची रीत उलट आहे. त्याचे खडे जाड, मधल्या फटी मोठ्या. पाणी आपल्याच भारानें खालीं जातें व सकाळीं भिजलेली वाट दुपारीं चालण्याजोगी होते. परंतु डोंगर म्हणजे सर्वत्र सुकी वाट, असें मात्र नव्हे. मुरमांत मुरलेलें पाणी खालच्या अभंग कातळावर, किंवा कातळाच्या दोन थरांमध्यें तांबड्या मातीचा जो पट्टा कोठें कोठें आढळतो त्यावर, अडतें आणि उताराच्या मध्येंच उपळून बाहेर येतें. माथा कोरडा, पायथा कोरडा, आणि मधलीच वीस पावलें आठवडाभर ओली, असें जेथें दिसेल तेथें हेंच कारण समजावें. उघड्या कातळावर शेवाळ असेल तर तेथील निचरा कितीही चांगला असो, पाय घसरतोच.

दक्षिणेकडे तोंड केलेली वाट लौकर वाळते असा एक समज आहे. तो आषाढांत निरुपयोगी आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित् उत्तरेकडेच असतो. शिवाय आभाळ भरलेलें व हवा दमट, त्यामुळें ऊन कोणत्याच उतारास फारसें मिळत नाहीं. त्या दिवसांत जें करतो तें निचरा करतो. कार्तिकापासून सूर्य दक्षिणेस कलतो. मग मात्र उत्तरेकडील उताराची व बाभळीच्या दाट सावलींतील वाट मागें राहते.

आतां चाकांविषयीं. ओली काळी माती एकदां चाकाखालीं तुडविली, कीं तिचा कणीदारपणा मोडतो व चाकोरींत घट्ट तळ तयार होतो. पुढील सर त्याच चाकोरींत सांठते, पुढचें चाक तेथेंच जातें, आणि चार वर्षांत पाणंद दोन्ही बांधांच्या खालीं जाऊन ओढाच होऊन बसते. एका ट्रॅक्टरानें एका अवेळीं सकाळीं केलेली चाकोरी सबंध हंगाम पुरते. अलीकडे रविवारीं शहरांतील तरुण मंडळी जाड धांवांच्या डोंगरी सायकली घेऊन या बाजूच्या टेकड्यांवर येतात. त्यांचा भार थोडा, पण उतारावर चाक दाबून धरल्यानें जी रेघ पडते, तिच्यांतून पाणी सरळ खालीं धांवतें व तिची घळ बनते. ती माती शेवटीं आपल्याच बांधावर किंवा नदींत येते. त्यांनीं पावसाळ्यांत मुरमाच्या वाटा धराव्या व काळीच्या सोडाव्या, हें त्यांस कोणीं तरी सांगावयास हवें. ऐकणारी मुलें पुष्कळ असतात. परीक्षा दोघांसही एकच: चार बोटें खालची माती मुठींत दाबून तिचा गोळा कंबरेच्या उंचीवरून टाकावा. फुटला तर जावें. चपटा होऊन बसला तर थांबावें. चैत्रांत कांदा काढून पडलेला असतां वळवाची सर आली, तर चाकणच्या बाजाराच्या घाईंत थांबवत नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी वळवाचें पाणी बहुधा वरच्या थरापुरतेंच असतें व कडक ऊन तें लौकर ओढतें.

दुरुस्तीस फार खर्च नाहीं. डोंगरवाट सरळ खालीं न नेतां तिरपी न्यावी, तिचा बाहेरचा कांठ थोडा उतरता ठेवावा, आणि ठिकठिकाणीं आडवे दगड बसवून पाणी बाजूस काढावें. पाणंदींत मधला भाग मुरूम टाकून उंच करावा व कडेस चर काढावे. पण चरास तोंड नसेल तर मुरूम व्यर्थ.

औद्योगिक वसाहतींच्या आसपास अडचण येते ती येथेंच. जमिनी भरून सपाट होतात, कुंपणाच्या भिंती उठतात, आणि पूर्वापार पाणी जाण्याची वाट बुजते. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून इतकें सांगतों: गांवनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघांनीं व पायमार्ग एकेरी तुटक रेघेनें दाखविलेला असतो, तो आधीं पाहून घ्यावा. वहिवाटीच्या रस्त्यास झालेला अडथळा, तसेंच शेताचें नुकसान होईल अशा रीतीनें अडविलेला पाण्याचा नैसर्गिक प्रवाह, या दोहोंविषयीं 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या 5 व्या कलमान्वयें तहसीलदाराकडे दाद मागतां येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. आषाढांत तुंबलेलें पाणी पुष्कळांस दिवाळीनंतर आठवतें. तोंवर मुदतीचे चार महिने निघून गेलेले असतात.