जुन्या फर्ग्युसनने लहान शेताची नांगरणी

ट्रॅक्टर प्रथम शेतात आला तेव्हा नांगर त्याच्यामागे बैलांच्या औतासारखाच नुसता अडकवला जाई. ही जोडणी धोक्याची होती. तासात खडक किंवा जाड मूळ आडवे आले की नांगर जागीच अडे, पण चाकांचा जोर चालूच राही. मग ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो मागे चालकाच्या अंगावर उलटे. १९१७ साली सरकारी कामानिमित्त आयर्लंडभर नांगरणीची प्रात्यक्षिके करीत फिरलेल्या हॅरी फर्ग्युसन या यंत्रज्ञाने या प्रश्नाचा ध्यास घेतला. नांगर आणि ट्रॅक्टर ही दोन यंत्रे नसून एकच यंत्र व्हावे, हा त्याचा विचार होता. त्याचे परिपक्व रूप म्हणजे १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेला करड्या रंगाचा 'टीई-२०' ट्रॅक्टर होय. ब्रिटनमध्ये हौशी शेतकरी आजही त्याच्यावर एक-दोन एकर नांगरतात.

या ट्रॅक्टरला नांगर तीन दांड्यांनी जोडलेला असतो. खालचे दोन दांडे ओढतात. वरचा एक दांडा मात्र ढकलला जातो, कारण माती फाळाला अडवते तेव्हा नांगराचा माथा पुढे कलू पाहतो. हा दाब एका स्प्रिंगवर येतो आणि ती तेलाच्या पंपाची झडप हलवते. माती कठीण लागली की नांगर आपोआप किंचित उचलला जातो व त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. म्हणूनच सुमारे अकराशे किलो वजनाचे हे हलके यंत्र दोनफाळी नांगर ओढू शकते. अडथळा फार मोठा असेल तर तेलाचा दाबच सुटतो, चाकांवरचा भार नाहीसा होतो आणि ती जागच्या जागी फिरू लागतात. तरीही खुंट उपटण्यासाठी साखळी वरच्या दांड्याच्या जागी कधीही बांधू नये. तेथून ओढल्यास उलटण्याचा धोका कायम राहतो, आणि या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी चौकट नसते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. चालकाच्या हाताजवळचा दांडा नांगराची खोली ठरवीत नाही, ओढ ठरवतो. ओढ तेवढीच राहिली तर भुसभुशीत पट्ट्यात नांगर खोल जाणार आणि चिकण पट्ट्यात वर येणार. एकाच शेतात दोन प्रकारची माती असेल तर चालकाने मागे लक्ष ठेवून दांडा थोडा-थोडा हलवीत राहिले पाहिजे. दुसरी सवय क्लचची. पंप क्लचमार्गे चालतो; क्लच दाबला की नांगर उचलणे थांबते. तेव्हा तासाच्या शेवटी आधी नांगर उचलावा, मग क्लच दाबावा.

जमिनीला वाफसा आल्यावरच काम सुरू करावे. शेत शंभर मीटर लांब व चाळीस मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक एकर आहे असे समजू. दोन फाळ मिळून अर्धा मीटर माती पालथी होत असेल, तर लांबीच्या दिशेने ऐंशी फेऱ्या होतात, आडवे नांगरले तर दोनशे. लहान शेतात वेळ जातो तो वळण्यातच.

दोन्ही टोकांना वळण्यापुरती पट्टी राखून मधोमध खुंट्या रोवाव्यात आणि पहिले तास उथळ घ्यावे. हे तास सरळ गेले नाही तर पुढचे प्रत्येक तास त्याचाच बाक घेऊन चालते. दुसऱ्या फेरीपासून उजवी चाके तासात उतरतात व ट्रॅक्टर त्या बाजूस कलतो. उजवा उचलदांडा आखूड करून नांगर पुन्हा समतल करावा. मागचा फाळ उथळ चालत असेल तर वरचा दांडा थोडा लांब करावा. ट्रॅक्टरबरोबर मिळणाऱ्या पान्यावर इंचांच्या खुणा असत. खोली मोजण्यास तोच पुरतो. राखलेल्या पट्ट्या शेवटी नांगराव्यात. नांगर उचलून कुंपणापर्यंत मागे जाता येत असल्याने कोपरेही फारसे सुटत नाहीत.

मधून आरंभ केला की मध्यभागी वरंबा उठतो व कडेला चर राहतो. पुढच्या वर्षी कडेकडून आरंभ करून डावीकडे वळत आत यावे, म्हणजे गेल्या वर्षीची माती पुन्हा कडेला सरकते.